फ्यूज उडाला म्हणजे नेमके काय झाले?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. खुलताबादहून आम्ही घरी परतत होतो. गाडीत माझी अम्मी, नववीत शिकणारा मुलगा, धाकटी नणंद आणि मी. गाडी दहा वर्षांची, दुसऱ्याकडून घेतलेली, आणि चालवत होते मी. दौलताबादचा घाट उतरायला लागलो तसा पाऊस असा कोसळला की समोरचा रस्ता दिसेना. वायपर जोरात केले. चार-सहा फेऱ्या झाल्या असतील, काचेच्या मधोमध येऊन दोन्ही वायपर गप्प झाले. बटण खाली-वर केले, काही नाही. बाकी सगळे चालू होते. दिवे, हॉर्न, इंजिन, सगळे.

गाडी कशीबशी कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले आणि पाऊस ओसरायची वाट पाहिली. मग मुलाने खिडकीतून डोके बाहेर काढून रस्ता सांगायचा आणि मी रांगत रांगत गाडी न्यायची, असे करत दौलताबाद गाठले. तिथे पंक्चरच्या एका टपरीवर एक तरुण मुलगा बसला होता. त्याने क्षणात सांगितले, "मॅडम, फ्यूज उडाला." स्टिअरिंगखालचे झाकण काढून त्याने निळा फ्यूज बाहेर ओढला, झाकणाच्या आत खोचलेला दुसरा निळा फ्यूज तिथे बसवला. वायपर दोनदा हलले, पुन्हा बंद. नवा फ्यूजही गेला होता. मग त्याने खिशातून सिगारेटचे पाकीट काढले, त्यातला चांदीसारखा कागद फाडला, उडालेल्या फ्यूजच्या पायांभोवती गुंडाळला आणि फ्यूज परत खोचला. "आता डायरेक्ट केलंय. घरापर्यंत काही होणार नाही." वायपर धावू लागले. मी त्याला पन्नास रुपये दिले, त्याने वीसच घेतले. अम्मीने त्याला भरभरून दुआ दिल्या.

शरणापूर फाटा गेला, मिटमिटा आले आणि गाडीत वास यायला लागला. आधी वाटले, बाहेर कुठे टायर जळत असेल. मग नणंद म्हणाली, "भाभी, पायाशी धूर आहे." डॅशबोर्डखालून पांढरट धुराची एक रेघ वर येत होती. गाडी थांबवली, चावी काढली, अम्मीला पावसातच खाली उतरवले. मागून येणारा एक रिक्षावाला थांबला, त्याने पान्याने बॅटरीची एक तार सोडवली. धूर हळूहळू विरला. अल्लाहची मेहरबानी, आग लागली नाही. पण रस्त्याच्या कडेला ओल्या बुरख्यात थरथरत उभी असलेली सत्तरीची अम्मी माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला माझी अडचण दिसली, त्याने ती सोडवली. दोष माझा होता. वीस वर्षे शिकवते आहे, तेरा वर्षे गाडी चालवते आहे आणि फ्यूज कशासाठी असतो हे मला ठाऊक नव्हते. फ्यूज उडाला म्हणजे फ्यूज बिघडला, इतकीच माझी समज होती.

मी भाषेची शिक्षिका, उर्दू आणि मराठीची. त्यामुळे शब्दापासूनच सुरुवात करते. आपण म्हणतो, फ्यूज 'उडाला'. हिंदीतही 'उड गया'. ऐकताना वाटते, काहीतरी अपघात झाला. शाळेच्या विज्ञानाच्या मराठी पुस्तकात मात्र फ्यूजला 'वितळतार' म्हटले आहे, आणि हा शब्द मला फार प्रामाणिक वाटतो. ती तार वितळण्यासाठीच बनवलेली असते. ती वितळली म्हणजे तिने आपले काम केले. घाटात माझा निळा फ्यूज वितळला तेव्हा तो सांगत होता की वायपरच्या वाटेवर काहीतरी चुकते आहे, पुढे वीज सोडू नका. दुसऱ्या फ्यूजने तेच सांगितले. आम्ही सिगारेटच्या कागदाने दोघांचेही तोंड बंद केले.

पुढचे मला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मधल्या सुट्टीत समजावले. तारेतून वीज गेली की तार तापते. किती तापते? वीज दुप्पट झाली तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. तिप्पट झाली तर नऊपट. दहावीच्या पुस्तकात ज्यूलचा नियम आहे तो हाच. आता गाडीतली प्रत्येक तार ठरावीक वीज वाहण्याइतकी जाड असते. तिच्यापेक्षा जास्त वीज गेली तर वरचे प्लास्टिक मऊ होते, मग जळते, आणि डॅशबोर्डमागे अशा पन्नास तारा एकाच जुडग्यात बांधलेल्या असतात. म्हणून वाटेत मुद्दाम एक कमजोर तुकडा ठेवायचा, जो तारेच्या आधी वितळेल. तोच फ्यूज. त्यावर लिहिलेला आकडा म्हणजे तो किती ॲम्पिअर वीज आरामात वाहू देईल तो आकडा. त्याच्या दुप्पट वीज गेली तर असा फ्यूज पाच सेकंदांच्या आत तुटतो. सिगारेटचा कागद कितीला तुटेल? याचा हिशेब कुणाकडेच नाही. मिटमिट्यात आमच्या गाडीत कागद शाबूत होता आणि तार जळत होती.

मला आधी एक गोष्ट पटत नव्हती. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. तिला हात लावला तर झटकाही बसत नाही. मग तिने आग कशी लागेल? बाई म्हणाल्या, झटका व्होल्टवर, जाळणे ॲम्पिअरवर. हीच बॅटरी स्टार्टर फिरवताना शंभराहून जास्त ॲम्पिअर देते. एखादी तार सोलवटून गाडीच्या पत्र्याला टेकली तर बॅटरी तितकीच वीज त्या बिचाऱ्या तारेतही ढकलते. बहिणींनी इथे एक लक्षात ठेवावे. बॅटरीजवळ काम करताना सोन्याच्या बांगड्या, अंगठी, घड्याळाचा धातूचा पट्टा काढून ठेवा. बॅटरीचे एक टोक आणि गाडीचा पत्रा यांच्या मध्ये बांगडी आली, तर ती क्षणात लाल होते आणि मनगटावरून काढायलाही सवड मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी रोशन गेटकडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. साठीच्या पुढचे चाचा, चष्मा दोरीने बांधलेला. त्यांनी फ्यूजला गुंडाळलेला कागद बघितला आणि आपल्या दखनीत म्हणाले, "चौकीदार कू बांध के डाले, अब पूछते चोरी कैसे हुई." वायपरच्या दोन दांड्यांना जोडणारे लिंकेज गंजून आवळले होते. मोटर जोर लावत होती, दांड्या हलत नव्हत्या, आणि अडलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. फ्यूज म्हणूनच जात होता. लिंकेज मोकळे करायला जो खर्च आला असता त्याच्या कितीतरी पट खर्च जळालेले वायरिंग बदलायला आला. मी तीन तास तिथल्या बाकावर बसून होते. चाचांनीच मला फ्यूजबॉक्स उघडायला लावला, आणि जे शिकले ते इथे लिहिते आहे.

बहुतेक कारमध्ये फ्यूजचे दोन डबे असतात. एक ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, स्टिअरिंगखाली किंवा त्याच्या बाजूला. दुसरा बॉनेटखाली, बॅटरीच्या शेजारी. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत कोणता फ्यूज कशाचा याचा नकाशा असतो. झाकणातच एक-दोन जादा फ्यूज आणि प्लास्टिकचा छोटा चिमटा खोचलेला असतो. जुनी गाडी घेतलीत तर हे आहेत का ते आधी बघा. आमच्या गाडीतला चिमटा आधीच्या मालकाबरोबरच गेला होता.

फ्यूजचा रंग उगाच नसतो. आज सगळीकडे दिसणारे दोन पायांचे चपटे प्लास्टिकचे फ्यूज १९७० च्या दशकात आले. त्याआधी काचेच्या नळीचे असत, जुन्या गाड्या ज्यांनी चालवल्या त्यांना आठवतील. चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत. पाच ॲम्पिअरचा फिकट बदामी, साडेसातचा तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, पंचविसाचा पांढरा किंवा पारदर्शक, तिसाचा हिरवा. आकडाही वर कोरलेला असतो. लालच्या जागी लालच जाईल, निळ्याच्या जागी निळाच. एवढे पाठ झाले तरी निम्मे काम झाले.

गणित करून बघायचे असेल तर सोपे आहे. हेडलाइटचा बल्ब ५५ वॅटचा, बॅटरी १२ व्होल्टची. ५५ ला १२ ने भागा, साडेचारच्या थोडे वर ॲम्पिअर येतात. म्हणून एका दिव्याला दहाचा फ्यूज पुरतो. रात्री उजेड कमी पडतो म्हणून लोक शंभर वॅटचे बल्ब लावून घेतात. मग एकाच दिव्यातून आठच्या वर ॲम्पिअर जाऊ लागतात. दोन्ही दिवे एकाच फ्यूजवर असले तर तो जातो. दुकानदार म्हणतो, "वीसचा टाका." वीसचा फ्यूज बसतोही, कारण आकाराने सगळे सारखे. पण मागची तार बदललेली नसते, बल्बचा होल्डर तोच असतो. उष्णता चौपट होते हे वर आलेच आहे.

आता तपासायचे कसे. गाडी रस्त्यावरून बाजूला, सपाट जागी. इंजिन बंद, चावी बाहेर, दिवे-पंखा-रेडिओ सगळे बंद. जे चालत नाही त्याचा फ्यूज नकाशात शोधा. चिमट्याने धरून सरळ ओढा, वाकडा ओढला तर पाय तुटून आत राहतो. स्क्रूड्रायव्हर किंवा पक्कड आत घालू नका, शेजारच्या दोन पत्र्यांना टेकली तर एकाऐवजी तीन फ्यूज जातील. फ्यूज उजेडाकडे धरा. आत इंग्रजी यू अक्षरासारखी धातूची पट्टी दिसते. ती सलग असेल तर ठीक. मधोमध तुटलेली, किंवा प्लास्टिकवर काळा डाग असेल तर गेला.

कधी डोळ्यांना पट्टी धड दिसते आणि तरी बारीक चीर असते. त्यासाठी मल्टीमीटर लागतो, दोन-तीनशे रुपयांत मिळतो, आणि मुलांना विज्ञान शिकवायला घरात असावा असेही माझे मत झाले आहे. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात, ते याच कामासाठी. फ्यूज जागेवरच ठेवा, चावी फिरवून ते उपकरण चालू करा, मीटर डीसी २० व्होल्टवर लावा, काळी पिन गाडीच्या रंग नसलेल्या पत्र्याला, लाल पिन आधी एका ठिपक्याला, मग दुसऱ्याला. दोन्हीकडे बारा व्होल्टच्या आसपास आले तर फ्यूज चांगला आहे, बिघाड पुढे कुठेतरी आहे. एकाच बाजूला आले तर फ्यूज गेला. कुठेच आले नाही तर वीज त्या फ्यूजपर्यंत पोहोचतच नाही. तिथे आपण थांबायचे आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचे.

गेलेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच आकड्याचा नवा बसवा, बोटाने शेवटपर्यंत दाबा, मग चावी फिरवून एकदा चालवून बघा. चालले तर ठीक. जुना फ्यूज कंपनाने किंवा वयाने गेला असेल. पण नवाही लगेच गेला, तर तिसरा बसवायचा नाही. हे चाचांनी मला तीनदा सांगितले. दुसरा फ्यूज गेला की आपले काम संपले. ते उपकरण बंद ठेवून गाडी नेता येत असेल तर न्यावी, दिवे किंवा पावसात वायपर असेल तर न्यायचीच नाही. घाटात आम्ही एक रात्र खुलताबादला पाहुण्यांकडे काढली असती, तर काय बिघडले असते?

स्कूटर-मोटारसायकलला फ्यूज थोडेच असतात, सीटखाली किंवा पुढच्या कव्हरमागे, बॅटरीजवळ. सेल्फ, हॉर्न, इंडिकेटर एकदम मेले असतील तर आधी मुख्य फ्यूज बघा. आमच्या शाळेतल्या एका बाईंची स्कूटर याच कारणाने दोन दिवस स्टँडवर उभी होती आणि नवी बॅटरी घ्यायचा बेत चालला होता. दहा रुपयांत सुटली. इलेक्ट्रिक गाडीचे मात्र वेगळे आहे. हॉर्न-दिव्यांचे बारा व्होल्टचे फ्यूज पुस्तिकेत दाखवले असतील तेवढेच आपले. मोठ्या बॅटरीच्या जाड नारिंगी तारांना आणि त्यांच्या डब्याला हात लावायचा नाही, तिथला व्होल्टेज जीव घेण्याइतका असतो. सीएनजी गाडीत गॅसचा वास येत असेल तर फ्यूजबॉक्स उघडण्याआधी सगळ्यांना उतरवा आणि गाडीपासून दूर जा.

फ्यूज जातो कशाने, याची चाचांची यादी लांबलचक होती. पावसात होल्डरमध्ये पाणी. मराठवाड्याच्या उन्हात कडक होऊन तडकलेले तारेवरचे प्लास्टिक. थंडीत बॉनेटखाली ऊब शोधत येणारे उंदीर. पण सर्वांत जास्त गाड्या येतात त्या बाहेरून बसवलेल्या सामानाने, असे त्यांचे म्हणणे. मोठा हॉर्न, पिवळे फॉग लाइट, वूफर, कॅमेरा, सीटखालची रंगीत पट्टी. दुकानातला पोरगा कुठलीतरी तार सोलतो, तिला नवी तार पिळतो, वर टेप गुंडाळतो आणि सोडून देतो. नाहीतर थेट बॅटरीवरून तार ओढतो, मध्ये फ्यूज नाहीच.

यावरून मला एक जुनी बातमी आठवली. मार्च २०१० मध्ये मुंबईत एका कुटुंबाची कोरी टाटा नॅनो शोरूममधून घरी नेतानाच पेटली होती. सुदैवाने सगळे बाहेर पडले. नॅनो पेटण्याच्या अशा घटनांचा तपास करून कंपनीने त्या वर्षी जी कारणे सांगितली, त्यांत बाहेरून बसवलेली विजेची उपकरणे हे एक कारण होते. पुढे नोव्हेंबरमध्ये कंपनीने आपल्या ग्राहकांना गाडीच्या विजेच्या आणि सायलेन्सरच्या भागात जादा संरक्षण फुकट बसवून देण्याची तयारी दाखवली. गाडी स्वस्त असो की महाग, कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या प्रत्येक तारेचा हिशेब झालेला असतो. आपण गाड्यांच्या गावचे लोक आहोत. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा. आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी मुले तिथे किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत कामाला जातात. दिवसभर कंपनीत तार मापाने लावणारा हात संध्याकाळी स्वतःच्या रिक्षाला वूफर जोडताना तोच हिशेब का विसरतो, हे मला खरेच कळत नाही.

जादा सामान लावायचेच असेल तर दुकानदाराला एवढे सांगा: बॅटरीवरून तार घेतलीस तर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूजहोल्डर लाव. तो म्हणेल, गरज नाही. तुम्ही म्हणा, मला लावून हवा आहे. फ्यूज घेताना जुना बरोबर न्या, कारण चपट्या फ्यूजमध्येही लहान-मोठे आकार असतात. आणि अगदीच स्वस्त, आकडा नीट न कोरलेले फ्यूज घेऊ नका. वेळेवर न वितळणारा फ्यूज म्हणजे सिगारेटचा कागदच.

धूर दिसला तर काय करायचे तेही सांगून टाकते, कारण त्या रात्री आम्हाला सुचले ते निम्मे नशिबाने. गाडी कडेला, चावी बंद, आधी मागच्या सीटवरची मुले आणि म्हातारी माणसे बाहेर, सामान नंतर किंवा नाहीच. सगळे गाडीपासून लांब, रहदारीच्या बाजूला नाही. बॉनेटमधून धूर येत असेल तर बॉनेट सताड उघडायचे नाही, हवा मिळाली की आग भडकते. मग १०१ किंवा ११२. रिक्षावाल्याने आमची बॅटरी सोडवली ती डॅशबोर्डखाली नुसता धूर होता, ज्वाला नव्हती म्हणून.

घरी आल्यावर मी एक काम केले, जे माझ्या आवाक्यातले होते. आमच्या फ्यूजबॉक्सच्या झाकणावर सगळे इंग्रजीत आहे, तेही अर्धवट अक्षरांत, आणि इतक्या बारीक टाइपात की दिवसाही वाचता येत नाही. पुस्तिका समोर ठेवून मी आणि मुलाने एक कागद केला. डाव्या बाजूला मराठीत, उजव्या बाजूला उर्दूत: उजवा हेडलाइट, डावा हेडलाइट, हॉर्न, वायपर, चार्जरची जागा, प्रत्येकापुढे आकडा आणि रंगीत पेन्सिलीने रंग. कागदाला लॅमिनेशन केले आणि एका डबीत आठ-दहा फ्यूज, चिमटा व छोटी टॉर्च घालून डबी गाडीच्या कप्प्यात ठेवली.

महिन्यापूर्वी सिल्लोडला लग्नाला जाताना फोनचे चार्जिंग बंद पडले. भाच्याने चार्जरच्या भोकात नाणे टाकले होते. आधी चावी काढली, मग चिमट्याने नाणे काढले, झाकण उघडले. अम्मीला मराठी वाचता येत नाही, इंग्रजी तर नाहीच. तिने टॉर्च धरली, कागदाच्या उजव्या बाजूवर बोट फिरवले आणि मला म्हणाली, "पंदरा का है. नीला देख."